तोंड तुझं, धड माझं

भटवाडी, घाटकोपर
१४ जून १९८६

विमल,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, पण तू धाकटी आहेस आणि रीत आहे, तेव्हा घे.

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. पोस्टाने आलं तर आधी तुझ्या सासूबाई वाचणार, मग श्यामसुंदरराव वाचणार, आणि तुझ्या हाती पडेपर्यंत त्यातलं तिखटमीठ उडालेलं असणार. आमच्या चाळीतली शेवंताबाई तुमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये पोळ्या लाटायला जाते आणि त्यातलं एक घर तुमचं आहे, हे मला गेल्या महिन्यात कळलं. तिच्या पिशवीतून हे येईल. वाचलंस की फाडून टाक, नाहीतर ठेव. मला फरक पडत नाही.

लिहायला कारण तुमच्या घरून आलेलं कार्ड. अक्षर श्यामसुंदररावांचं. ‘यंदा गौरीचा मुखवटा व धड दोन्ही नवीन हवे. नेहमीप्रमाणे सुबक असावे. मालनताईंना नमस्कार.’ तुझ्याबद्दल एक अक्षर नाही. तुझं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. बाबांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि गणपतीच्या सोंडेवर हात फिरवत बसले. गिरणी बंद झाल्यापासून त्यांचं बोलणं असंही कमीच झालंय.

मी चार वर्षं तुझ्याशी बोलले नाही. का, ते तुला माहीत आहे, पण विसरली असशील तर सांगते. गौरी आवाहनाचा दिवस होता. मी मुखवट्याचं खोकं डोक्यावर घेऊन तीन जिने चढून आले. दारात तुझ्या सासूबाईंच्या मैत्रिणी ठेवणीतल्या साड्या नेसून उभ्या. एकीने विचारलं, ही कोण? आणि तू, माझ्याच आईच्या पोटची, म्हणालीस, ‘मूर्तीवाली आलीय.’ मी खोकं ठेवलं आणि घोटभर पाणी न पिता खाली उतरले. तेव्हाच ठरवलं, त्या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही. तो शब्द मी मोडणार नाही. पत्र लिहिणं म्हणजे पाय ठेवणं नव्हे.

मार्चमध्ये इस्पितळात आले ते वेगळं. इस्पितळ काही तुझ्या सासूबाईंचं नाही. तुझी डावी छाती काढून टाकली हे ऐकलं आणि दोन दिवसांत मी ती उशी शिवली. तुझ्या मृणालच्या जन्माच्या वेळी तिचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी शिवून दिली होती ना, तशीच, फक्त वाटोळी. मऊ मलमल, आत मोहरी, म्हणजे वजनही अंगाला बरोबर लागेल आणि ब्लाउजच्या आत ठेवली की बाहेरून कोणाला काही कळणार नाही. तू ती हातात घेतलीस, दाबून पाहिलीस, काय आहे ते तुझ्या लक्षात आलं आणि म्हणालीस, ‘ताई, चालती हो.’ शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

माझं काय चुकलं, ते मला अजून कळलेलं नाही. मूर्तीचा टवका उडाला की आपण लांबीचा लगदा भरतो, पॉलिश पेपर मारतो, रंगाचा हात देतो. उघडं भगदाड गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं नाही, हे बाबांनी आपल्याला बाराखडीच्या आधी शिकवलं. तुझ्या अंगाला खड्डा पडला, मी बुजवायला आले. यात चालती हो म्हणण्यासारखं काय होतं?

असो. मूर्तीवाली आहे, मूर्ती करून देईन.

मालन

---

भटवाडी
६ जुलै १९८६

विमल,

तुझं उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. पण शेवंताबाई जे सांगून गेली त्यानंतर मला गप्प बसवत नाही.

काल ती शेडमध्ये आली. मी गणपतींचे पाट रंगवत होते. म्हणाली, ‘मालनताई, तुमची बहीण बोलत कशी नाय हो? तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय काय?’ मी विचारलं, झालं काय? तर म्हणे तुझ्या सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, ‘भंगलेली मूर्ती आपण पूजेत ठेवतो का? मग तिच्या हातून गौर घरात कशी आणायची? यंदा धाकट्या सुनेला डोंबिवलीहून बोलावलंय.’ आणि तुझ्यासमोर आल्यावर आवाजात साखर. ‘विमल, तू यंदा आराम कर हो, तुला दगदग नको.’ शेवंताबाई पोळी तव्यावर विसरून तुझ्याकडे बघत राहिली. तू काय म्हणालीस? तू म्हणालीस, ‘बरं.’

बरं! अकरा वर्षं त्या घराच्या उंबऱ्यातून गौर तू आणलीस, धान्याचं माप ओलांडून, कुंकवाच्या पावलांवरून, आणि आता बरं?

तुला सासूबाईंनी कशी पसंत केली ते आठवतं का? दाखवायला म्हणून नाही. त्या मुखवटा घ्यायला आल्या होत्या. मुखवटे फळीवर मांडलेले आणि तू चहाचा कप घेऊन फळीसमोर आलीस. त्या एकदा फळीकडे बघतात, एकदा तुझ्याकडे. ‘अगंबाई, ही तर चालतीबोलती गौर!’ बघणारच. सतराव्या वर्षी तुला चार दिवस स्टुलावर बसवून बाबांनी तो चेहरा मातीत काढला होता. तुझ्या नाकावरचा उंचवटा त्यांनी सरळ केला, डावा डोळा किंचित बारीक होता तो उजव्याएवढा केला, आणि रंग मी दिला, डब्यातला, गुलाबी पांढरा, तुझ्याहूनही दोन हात गोरा. म्हणजे फळीवर होतीस ती तूही नव्हतीस. पण त्यांना तीच हवी होती. त्यांनी सून नेली नाही, गौर नेली. आता टवका उडाला तर माळ्यावर ठेवतायत.

आता तुला एक गोष्ट सांगते. ही मी कोणाला सांगितलेली नाही. आई असती तर तिलाही सांगितली नसती.

अठ्ठ्याहत्तर साली गिऱ्हाइकं तयार धड मागायला लागली. आधी लोक तांब्याच्या हंड्यावर नाहीतर लोखंडी सांगाड्यावर साडी गुंडाळून वर मुखवटा बसवत. फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि सगळं तयार हवं झालं. बाबा म्हणाले, बाईचं धड मी कसं करू, माझ्याच्याने व्हायचं नाही, तूच कर, कॅलेंडर बघून कर. मी कॅलेंडर पुढ्यात ठेवलं. त्यातल्या लक्ष्मीची कंबर मुठीत मावेल एवढी आणि वर दोन नारळ बसवलेले. असल्या कंबरेवर नऊवारीच्या निऱ्या राहतील का? मी कॅलेंडर उलटं करून ठेवलं.

दुपारी बाबा झोपले की मी शेडच्या दाराला आतून कडी घालायचे. डोळ्यांच्या आखणीचा तो तळहाताएवढा आरसा आहे ना, तो भिंतीला टेकवून ठेवायचे आणि बघायचे. आरशात एका वेळी वीतभरच मावायचं. आज खांदा, उद्या पोट, परवा छाती. तेव्हा मला एकोणतिसावं लागलेलं. अकराजण बघून, कांदेपोहे खाऊन, नाही म्हणून गेलेले. त्या अंगाकडे मी स्वतः कधी धड बघितलं नव्हतं, कारण बघण्यासारखं काही नाही हे अकराजणांनी ठरवूनच टाकलं होतं. आठ दिवस बघितलं, विमल. वाईट नव्हतं गं. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

रुंद खांदे, त्यातला उजवा जरा खाली, मातीच्या पाट्या वाहून उतरलेला. पोट पुढे आलेलं. सगळं जसंच्या तसं शाडूत काढलं. बाबांनी बघितलं आणि विचारलं, ‘कोणाची गो ही?’ मी म्हटलं, कॅलेंडरवरची. ते म्हणाले, ‘कॅलेंडरातल्या बायलांक पोट नसता.’ पण त्यावर साचा घ्यायला त्यांनीच प्लास्टर कालवलं.

तेव्हापासून दर वर्षी गौरीचं तोंड तुझं आणि धड माझं. गिऱ्हाइकं म्हणतात, काय सुरेख भरलेलं धड आहे, लक्ष्मीसारखं! त्या अकराजणांतला तो धोंडिराम, ‘मुलगी काळी आहे आणि अंगाने आडवी आहे’ असं ज्याने मध्यस्थाकडून कळवलं होतं, तो भांडुपला राहतो. दर वर्षी आमच्याकडूनच गौर नेतो. ते आडवं अंग मधोमध मांडून हात जोडून उभा राहत असेल. मला त्या दिवशी जेवण गोड लागतं.

तू आठ वर्षं माझ्याच अंगाला साडी नेसवत होतीस. गेल्या वर्षी तुमच्या धडाला कमरेत तडा गेला आणि सासूबाईंनी भंगलं म्हणून तलावात सोडलं. तीही मीच होते. तेव्हा भंगणं, सोडून देणं, हे मला शिकवू नकोस, आणि बरं म्हणू नकोस.

मालन

---

भटवाडी
२८ जुलै १९८६

विमल,

तुमच्या गौरीचं धड झालं. काय केलंय ते आधीच सांगते, ऐन सणाला खोकं उघडून धक्का नको.

माझ्या साच्यातून काढलं नाही. नवीन घडवलं. खांदे तुझे, आईसारखे उतरते. उजवी छाती आहे. डावीकडे नाही. तिथे सपाट आहे आणि एक आडवी रेघ आहे, शिवणीसारखी. मुखवटाही साच्यातून काढून तसाच ठेवला नाही. नाकावर तुझा उंचवटा परत आणला आणि आखणी करताना डावा डोळा होता तेवढाच ठेवला. रंगात थोडा गेरू घातला. आता ती फळीवरची नाही, तू आहेस.

बाबा चार दिवस लांबून बघत होते. पाचव्या दिवशी जवळ आले. ‘ह्यां काय केलंस? भंगलेली मूर्ती कोण पूजता? गिऱ्हाईक तोंडार मारतला.’ मी म्हटलं, भंगलेली कुठाय? पडली नाही, आपटली नाही, तडा नाही. घडवतानाच अशी घडवलीय. ते म्हणाले, तेच ते. मग माझंही डोकं फिरलं. मी त्यांना हाताला धरून फळीसमोर नेलं. दीडशे गणपती वाळत होते. म्हटलं, बाबा, चाळीस वर्षं तुम्ही हे करताय, प्रत्येकाचा एक सुळा तुम्ही मोडकाच करता. कोणी म्हटलं का की लांबी भरून पुरा करा? कोणी भंगलेला म्हणून परत आणला का? त्याच्या मोडक्या सुळ्याची आरती होते, आणि विमलच्या हातची गौर चालत नाही?

बाबांनी पॉलिश पेपर घेतला आणि धडाच्या डाव्या बाजूवरून बोट फिरवलं. ‘हय खडबडीत ऱ्हवला,’ म्हणाले. ‘करूचा तर नीट कर. अर्धवट काम माका चलाचा नाय.’ आणि स्वतः घासायला बसले. घासताना त्यांच्या नाकाचं पाणी वाहत होतं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

आता जे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, ते लिहिते. धड करता करता डोक्यात तेच फिरत होतं.

इस्पितळात तू विचारलं नाहीस, पण तुला दिसलं असणार. तू लहानपणापासून माझा चेहरा वाचतेस. तुझ्या ऑपरेशनचं ऐकलं तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं? बिचारी, असं नाही आलं. ‘आता झाली बरोबरी’ असं आलं. पापणी लवायलाही जास्त वेळ लागत असेल, एवढाच वेळ. पण आलं. मी काळी, मी आडवी, मी मूर्तीवाली, आणि तू गौर, आणि आता बघ. मग मला माझीच इतकी किळस आली की त्याच रात्री मलमल फाडून शिवायला बसले. ती उशी तुझ्यासाठी नव्हती, विमल. माझ्या मनाला भगदाड पडलं होतं, ते मी तुझ्या अंगावर बुजवायला निघाले होते. तू चालती हो म्हणालीस ते बरोबर म्हणालीस.

मी चुकले. हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहायला लावू नकोस.

गौर पाठवू की नको, ते तू सांग. तुझ्या सासूबाईंनी नको, श्यामसुंदररावांनी नको. तू नको म्हटलंस तर माझ्या जुन्या साच्यातलं धड पाठवीन, कोणाला काही कळणार नाही, आणि ही इथे शेडमध्ये राहील. मी तिला फोडणार मात्र नाही.

ताई

---

मुलुंड (पूर्व)
१५ ऑगस्ट १९८६

ती. ताईस,

सा. न. तुझी तिन्ही पत्रं मिळाली. डाळीच्या डब्याच्या तळाशी ठेवली आहेत, तो डबा मीच उघडते.

आज सुट्टी आहे, सगळे झेंडावंदनाला खाली गेलेत, म्हणून लिहायला मिळालं. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. ‘मूर्तीवाली’ म्हटलं ते मला आठवतं. रोज आठवतं. मी त्या बायकांना घाबरले होते. ‘गौरीसारखी सून’ असं त्या म्हणायच्या ना, त्या गौरीला काळी बहीण असते हे मला त्यांना दाखवायचं नव्हतं. बघ, मीही लिहिलं.

उशी मी फेकली नाही. रोज घालते. कोणी आलं की हात आपोआप तिथे जातो, नीट बसलीय का बघायला. उन्हाळ्यात मोहरी तापायची. मागच्या आठवड्यात ओट्याशी वाकले तर निसटून परातीत पडली. सासूबाईंनी पाहिलं आणि मान फिरवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग रात्रभर वाटत राहिलं की मी कशाला मेल्यासारखी होऊ? गाठ मला झाली, कापलं मला, आणि लाजायचंही मीच?

हे, म्हणजे श्यामसुंदर, वाईट नाहीत. पण त्यांनी अजून बघितलेलं नाही. दिवा मालवतात. कोणीच बघितलेलं नाही, ताई. मीसुद्धा न्हाणीघरात वरच बघते. तुझं पत्र वाचल्यावर काल दाराला कडी घातली आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले. पूर्ण आरसा आहे आमच्याकडे, वीतवीत बघायला लागत नाही. बघितलं.

तुझी रेघ चुकली आहे. तू आडवी काढलीस, कारण तू न बघता काढलीस. ती आडवी नाही. बरगडीच्या मधून निघते, वर चढते आणि काखेत जाते, आणि काखेजवळ एक सुरकुती आहे, कापड ओढून शिवल्यासारखी. सोबत मृणालच्या चित्रकलेच्या वहीतला पातळ कागद आहे. तो अंगावर धरून पेन्सिलीने उतरवली आहे. बाबांना म्हणावं, अर्धवट काम मलाही चालत नाही.

गौर पाठव. पुढे काय होईल मला माहीत नाही. मला भीती वाटते.

तुझी
विमल

---

भटवाडी
२२ ऑगस्ट १९८६

विमल,

रेघ खोडली. तुझी घातली. कागद धडावर ठेवून कोरली, काखेजवळच्या सुरकुतीसकट. आता ती शिवण वाटत नाही, वाट वाटते.

भीती वाटते म्हणालीस. मलाही वाटते. शेवंताबाई म्हणते, ‘म्हातारी राडा करणार बघा, वाट लागणार.’ करू दे. तुझ्या घरात तुझ्यासाठी भांडायला मी येऊ शकत नाही, न येण्याचा शब्द देऊन बसलेय. गौर माझ्या वतीने येतेय. तिला बोलता येत नाही, तेवढं तू बोल.

साडी नेसवताना डावीकडे कापूस कोंबू देऊ नकोस. पदर जसा पडेल तसा पडू दे.

ताई

---

मुलुंड (पूर्व)
१२ सप्टेंबर १९८६

ती. ताईस,

आज दुपारी गौरी गेल्या. घर एकदम रिकामं वाटतंय. शेवंताबाई खाली थांबलीय, तिला म्हटलं, तासभर बस, चहा घे, मला सगळं लिहायचंय.

परवा आवाहन. सकाळीच जाऊबाई डोंबिवलीहून आल्या. सासूबाईंनी स्वतः खोकं उघडलं आणि साडी नेसवायला धड पाटावर ठेवलं. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून सासूबाईंची हाक आली, ‘श्याम, हे परत घाटकोपरला पाठव. भंगलेलं दिलंय. सणासुदीला ही असली चेष्टा!’

उशी मी घातली नव्हती. सकाळी न्हाऊन आले, हातात घेतली आणि परत ठेवून दिली. ठरवून नव्हे, हात पुढे गेलाच नाही. म्हणून बाहेर यायला मला जरा वेळ लागला. पदर खोचला आणि आले. बाहेर सासूबाईंच्या मैत्रिणी बसलेल्या, त्याच, चार वर्षांपूर्वीच्या. त्यांनी आधी धडाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, आणि सगळ्यांना एकदमच कळलं. सासूबाई त्या दिवशी फळीकडे आणि माझ्याकडे बघत होत्या म्हणतेस ना, तसंच.

मी म्हटलं, ‘आई, ती भंगलेली नाही. माझ्यावरून केलीय. माझ्या बहिणीने केलीय. नको असेल तर दोघींनाही नको म्हणा.’

आवाज नीट आला.

मी यांच्याकडे बघितलं. ताई, मला वाटलं हे खाली मान घालतील. यांनी घातलीही. पण मग वाकून पाटाची कड सरळ केली, आणि धडावरून, त्या रेघेवरून, हळूच एक बोट फिरवलं, काखेपर्यंत. सगळ्यांच्या देखत. मग म्हणाले, ‘साडी कुठली नेसवायची?’ एवढंच म्हणाले. मी आत जाऊन माझी लग्नातली हिरवी पैठणी काढली.

नेसवली मीच. पदर डावीकडे सपाट पडला. एका मैत्रिणीने कापसाचा पुडा पुढे केला, मी नको म्हटलं. मुखवटा ताम्हणात ठेवला, नाकावरचा तो उंचवटा अंगठ्याने चाचपला. जाऊबाईंनी ते ताम्हण उचलून माझ्या हातात दिलं. मृणालने कुंकवाची पावलं काढली होती, त्यावरून मी गौर आत आणली. विचारतात ना, गौर आली, कशाच्या पावली? मी उत्तर दिलं तेव्हा माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

सासूबाई पूजनाच्या जेवणापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. बदलल्या बिदलल्या नाहीत, तसं समजू नकोस. हळदीकुंकवाला आलेल्या निम्म्या बायका गौरीला कुंकू लावून माझ्याकडे न बघता गेल्या. पण खालच्या मजल्यावरच्या रत्नप्रभाबाई थांबल्या. कान माझ्याजवळ आणून म्हणाल्या, ‘माझंही झालंय, सहा वर्षं. कोणाला माहीत नाही.’ आणि जाताना गौरीचा पदर नीट करायला गेल्या आणि नीट न करताच हात मागे घेतला.

एकीने विचारलं, एवढी कलाकुसर कोणाची? मी म्हटलं, माझ्या थोरल्या बहिणीची, मालन तिचं नाव, घाटकोपरला आमची मूर्तिशाळा आहे. तुझा शब्द तू मोडू नकोस. पण उंबऱ्यावर मी तुझं नाव सांगितलंय, तेवढं ऐकून ठेव.

आता उशीचं सांगते. काल पूजन, सोळा भाज्या, पुरणपोळ्या, कटाची आमटी. ऐन फोडणीच्या वेळी मोहरीचा डबा रिकामा. दुकानात कोणाला पाठवणार? मी आत गेले, उशीची शिवण दातांनी उसवली आणि मोहरी वाटीत काढली. सहा महिने माझ्या अंगाला लागलेली. सोवळं, ओवळं, सगळं मनात येऊन गेलं आणि मी तेल तापत ठेवलं. काय तडतडली म्हणून सांगू! अख्ख्या घरात वास गेला. आधी गौरीला नैवेद्य दाखवला, मग पंगत बसली.

सासूबाईंनी आमटी दोनदा घेतली. दुसऱ्यांदा वाढताना आवाहनानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. ‘फोडणी छान झालीय. मोहरी कुठली ही?’

मी म्हटलं, माहेरची.

तुझी
विमल